ऋणदाब उपचार : मधुमेही पायाच्या जखमेचा जमाखर्च

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडून लेख मागताना एक अट घातली होती. लेख शास्त्रीय असावा, पण आपल्या मंडळातील नेत्रतज्ज्ञाला, दंतवैद्याला आणि सकाळ-संध्याकाळ शंभर रुग्ण तपासणाऱ्या कुटुंबवैद्यालाही तो वाचावासा वाटावा. तेव्हा आपल्या सर्वांच्या दारी येणारा विषय निवडणे मला योग्य वाटले. रायसेन रोडने शहरात येणारा रुग्ण पुष्कळदा प्रथम आनंद नगरातच उतरतो, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची जखम पहिल्यांदा पाहतो तो शल्यविशारद नव्हे, तर आपल्यापैकी कोणी कुटुंबवैद्य. आणि हल्ली त्या रुग्णाच्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर साहब, वो मशीन लगवा दें क्या?"

ते यंत्र म्हणजे ऋणदाब उपचाराचे, ज्याला आपण बोलताना व्हॅक म्हणतो. ते लावावे की नाही, लावल्यास किती खर्चाने किती लाभ होतो, आणि तो खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो, एवढ्याच प्रश्नांपुरता हा लेख मर्यादित आहे.

शोषणाने दोष बाहेर काढण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शृंग, जलौका आणि अलाबू, म्हणजे शिंग, जळू आणि भोपळा, यांचे वर्णन आहे. अर्थात तेवढ्यावरून 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याची सवय मला नाही. त्या काळचा हेतू निराळा होता. आजच्या स्वरूपातील उपचार अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात लुई अर्जेंटा आणि मायकेल मोरीक्वास यांनी विकसित केला व १९९७ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. जखमेत स्पंज बसवायचा, त्यावर पारदर्शक चिकट पापुद्रा लावून ती हवाबंद करायची आणि नळीवाटे सुमारे १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋणदाब द्यायचा, एवढीच कृती. डुकरांवरील प्रयोगांत या दाबाला रक्तप्रवाह चौपट झाला. अखंड दाबाने कणमय ऊतीची वाढ ६३ टक्क्यांनी, तर थांबून थांबून दिलेल्या दाबाने १०३ टक्क्यांनी अधिक झाली. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, जी यंत्र विकणारा प्रतिनिधी सहसा सांगत नाही : दाब ४०० मिलिमीटरपर्यंत वाढविला असता रक्तप्रवाह उलट मंदावतो. भिंतीवरच्या सक्शनला मापक न लावता नळी जोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डुकराच्या निरोगी पाठीवरून मधुमेही माणसाच्या पायावर येताना मात्र वाट बदलते. आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांची चाचणी २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. १८ केंद्रांतील १६२ रुग्ण, सर्वांच्या पायाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढलेला. १६ आठवड्यांत ऋणदाब गटातील ५६ टक्के जखमा भरल्या, तर ओलसर ड्रेसिंगच्या गटातील ३९ टक्के. पुढे २००८ मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ३४२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत पूर्ण बंद होणाऱ्या जखमांचे प्रमाण ४३.२ विरुद्ध २८.९ टक्के, आणि नंतर पाय वा पायाचा भाग कापावा लागण्याचे प्रमाण ४.१ विरुद्ध १०.२ टक्के असे होते. आकडे आशादायक आहेत यात शंका नाही. पण दोन्ही चाचण्यांत प्रवेशाची एक अट होती आणि ती निबंधाच्या पद्धती-विभागात दडलेली असते : पायाला पुरेसा रक्तपुरवठा असल्याचे सिद्ध झालेले असावे. याच अटीने मला पुढे एक कडू धडा शिकविला. दोन्ही चाचण्यांना यंत्रनिर्मात्या कंपनीचे अर्थसाह्य होते, हेही नोंदवून ठेवतो. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, परंतु वाचकाने चष्मा पुसून वाचावे.

२०२० मध्ये जर्मनीतील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ३६८ रुग्ण निवडले होते आणि उपचार नेहमीच्या रुग्णालयांत व दवाखान्यांत, नेहमीच्या परिस्थितीत व्हायचा होता. १६ आठवड्यांअखेर जखम बंद होण्याचे प्रमाण निघाले १४.६ विरुद्ध १२.१ टक्के, फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य. नोंदींत त्रुटी होत्या, उपचाराचे नियम पुष्कळ ठिकाणी पाळले गेले नव्हते, असे संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे. कोणी म्हणेल, मग ती चाचणी काय कामाची? मला तर तीच अधिक आपल्यासारखी वाटते. आपल्याकडेही नोंदी अपुऱ्याच असतात आणि नियमही वाकतात.

आता या टक्केवारीचे रुपयांत रूपांतर करू. वैद्यकीय अर्थशास्त्राचे नाव काढताच आपण पान उलटतो, पण येथे लागणारे गणित इयत्ता पाचवीचे आहे. ५६ मधून ३९ वजा केले की १७ उरतात, म्हणजे शंभर रुग्णांवर यंत्र चालविले तर १७ जखमा जास्तीच्या भरतात. एक जास्तीची जखम भरण्यासाठी साधारण ६ रुग्णांवर यंत्र चालवावे लागते. जर्मन चाचणीच्या अडीच टक्क्यांच्या फरकाने तीच संख्या ४० होते. (तो फरक खरा मानला तर, कारण तो योगायोगही असू शकतो.) समजा, एका रुग्णावर यंत्राचा वरखर्च ३०,००० रुपये येतो. हा आकडा मी आकडेमोड सोपी व्हावी म्हणून धरला आहे. आपापल्या रुग्णालयाचा दर वाचकांनी त्या जागी घालावा. तर एका जास्तीच्या भरलेल्या जखमेची किंमत पहिल्या हिशेबाने १,८०,००० रुपये होते आणि दुसऱ्याने १२,००,०००. आता तेच काम भिंतीवरच्या सक्शनने, स्पंज आणि रायल्स ट्यूब वापरून ५,००० रुपयांत केले आणि गुण तेवढाच आला असे धरले, तर किमती ३०,००० आणि २,००,००० अशा होतात.

या चार आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. योग्य रुग्णावर लावलेले महागडे यंत्र १,८०,००० ला पडते, आणि सरसकट लावलेले स्वस्त उपकरण २,००,००० ला. आपण सारी चर्चा यंत्र विलायती की देशी, भाड्याने की विकत, यावर करतो. खर्चाचा खरा काटा हलतो तो रुग्णाच्या निवडीने.

अपेल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याच १६२ रुग्णांचा खर्च मांडला. आठ आठवडे किंवा अधिक उपचार झालेल्यांत सरासरी थेट खर्च ऋणदाब गटात २७,२७० डॉलर आणि दुसऱ्या गटात ३६,०९६ डॉलर झाला. म्हणजे यंत्र लावून पैसे वाचले! हा निष्कर्ष आपल्याकडच्या परिषदांमध्ये पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकताना मी पाहिला आहे. पण वाचले कसे? रुग्णालयातील मुक्काम दोन्ही गटांत सारखाच होता. फरक पडला शस्त्रक्रियांच्या आणि ड्रेसिंगच्या संख्येत : ड्रेसिंग एका गटात सरासरी ११८ वेळा बदलले, तर ऋणदाब गटात ४१ वेळा. अमेरिकेत परिचारिकेचा एक तास महाग. ७७ ड्रेसिंग टळली की यंत्राचे भाडे निघून वर शिल्लक उरते. आपल्याकडे हे पारडे नेमके उलटे आहे. परिचारिकेचे श्रम आपण, खरे तर लाज वाटावी इतके, स्वस्त ठेवले आहेत आणि यंत्राचा स्पंज व डबा मात्र डॉलरच्या भावाने येत आला. तेव्हा तेथील बचत येथे जशीच्या तशी उतरत नाही.

तथापि येथेही एक खर्च आहे जो कोणत्याही बिलात छापला जात नाही. रायसेनच्या पलीकडच्या गावाहून रोज ड्रेसिंगला येणाऱ्या रुग्णाबरोबर मुलगा येतो. त्याची मजुरी बुडते, बसचे भाडे दोघांचे, आणि गव्हाच्या कापणीचे दिवस असतील तर शेतात भाड्याची माणसे लावावी लागतात. दोन वा तीन दिवसांनी एकदा बदलायचे ड्रेसिंग त्याला आपल्यापेक्षा अधिक परवडते. पाच देशांतील खर्चाची तुलना करणारा कॅव्हना आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा निबंध सांगतो की, गुंतागुंतीच्या मधुमेही जखमेचा उपचार भारतीय रुग्णाला ५.७ वर्षांच्या सरासरी उत्पन्नाइतका जड जातो. पाच देशांत एवढा बोजा दुसऱ्या कोणाच्या माथी आलेला नाही.

आता माझा स्वतःचा धडा. रायसेनकडचा एक शेतकरी, साठीच्या आतबाहेरचा, टाचेच्या बाजूला तळहाताएवढी जखम घेऊन माझ्याकडे आला. मी जखम स्वच्छ केली. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढले, ते १.३ आले. एकापेक्षा जास्त, म्हणून मी निश्चिंत झालो. दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती पट्ट्याने दबत नाही आणि गुणोत्तर खोटे वाढते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. त्या सकाळी मलाच ते आठवले नाही. पायाची नाडी नीट लागत नव्हती, ती मी सुजेच्या खाती टाकली. अंगठ्याचा दाब मोजला नाही. मुलाने यंत्राची चौकशी केली, मी होकार दिला, आणि यंत्र भाड्याने आले.

पहिल्या आठवड्यात जखमेचा स्राव कमी झाला, आम्ही सारे खूश. दुसऱ्या आठवड्यात तळ फिकट राहिला. तिसऱ्या आठवड्यात कडा काळ्या पडू लागल्या, तेव्हा मी धमन्यांचा डॉप्लर करविला. गुडघ्याखालच्या तिन्ही धमन्यांत अडथळे होते. रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे पाठविले, पण वेळ टळून गेली होती. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. घरी परतताना मुलाने यंत्राच्या भाड्याच्या पावत्या माझ्यापुढे ठेवून विचारले, यातले काही कुठून परत मिळेल का? दोन एकर जमीन गहाण टाकून तो खर्च त्यांनी भागविला होता. मी नाही म्हणालो. त्याने पावत्या घडी करून खिशात ठेवल्या. मला दूषण दिले नाही, तेच अधिक लागले.

त्या जखमेला ऋणदाबाने थेट अपाय केला असे मी म्हणणार नाही. पण यंत्राने माझे तीन आठवडे खाल्ले. पारदर्शक पापुद्र्याखाली सारे नीटनेटके दिसते. वास येत नाही, चादर भिजत नाही, रुग्ण समाधानी असतो, आणि डॉक्टरलाही काहीतरी मोठे चालू आहे असा भास होतो. खर्चाच्या कोष्टकात या भासाला रकाना नाही.

दुसरी हकिगत आपल्याच आनंद नगरातली. भेलमधून निवृत्त झालेले एक मराठी काका, आपल्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षे वर्गणीचा हिशेब लिहिणारे. करंगळीला जंतुसंसर्ग होऊन ती मागच्या हाडासकट काढावी लागली. नाड्या उत्तम, अंगठ्याचा दाब पुरेसा, हाडात जंतुसंसर्ग शिल्लक नाही. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मशीन लावायचं तर लावा, पण रोज बिल वाढतं तसा ह्यांचा रक्तदाबही वाढतो!" मी विलायती यंत्र मागविले नाही. निर्जंतुक केलेला स्पंज, त्यात रायल्स ट्यूब, वर चिकट पापुद्रा, आणि दाबमापक बसविलेले भिंतीवरचे सक्शन. ४८ ते ७२ तासांनी बदल. बाराव्या दिवशी तळ लालभडक, दाणेदार. त्यावर मांडीची पातळ त्वचा लावली आणि ती धरली. काकांनी त्यातही हिशेब मागितला आणि मी तो पै-पैसह दिला. ते आता घरातही चप्पल घालून वावरतात.

घरगुती जुळणीच्या या स्तुतीला काही कुंपण घालणे आवश्यक आहे. हैतीमधील २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतील एम.आय.टी.च्या डॅनिएल झुरोव्हसिक यांनी विजेशिवाय चालणारा, भात्यासारखा स्वस्त पंप तेथे नेला होता. म्हणजे स्वस्त उपकरण अशास्त्रीयच असते असे नाही. पण जोखीम खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये या उपचाराशी निगडित ६ मृत्यू आणि ७७ इजांची सूचना काढली. २०११ मध्ये आणखी ६ मृत्यू आणि ९७ इजांची भर पडली. सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव, आणि इजांमध्ये जखमेत राहून गेलेल्या स्पंजाचे तुकडेही होते. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेला, उघड्या धमनीचा, मृत ऊती न काढलेला, हाडात उपचार न झालेला संसर्ग असलेला किंवा जखमेत कर्करोगाची शंका असलेला रुग्ण यांच्याबाबत पुन्हा विचार करावा. यांतील बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' हेच आहे. आत किती तुकडे घातले हे पापुद्र्यावरच शाईने लिहावे. आणि शोषण दोन तासांहून अधिक बंद पडले तर सारे काढून साधे ड्रेसिंग करावे. उन्हाळ्यातील वीजकपातीच्या रात्री हे परिचारिकेला ठाऊक नसेल, तर हवाबंद स्पंज हीच जंतूंची शेती होते.

मधुमेही पादविकारांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेचा निवाडा माझ्या दोन हकिगतींशी जुळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेत ऋणदाबाचा विचार नेहमीच्या उपचारांच्या जोडीने करावा. शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या व्रणांत तो वापरू नये. 'जोडीने' या शब्दाकडे माझे विशेष लक्ष वेधणे आहे. तळव्यावरील दाब न काढता ऋणदाब लावणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

हा दाब काढण्याचे सर्वांत प्रभावी साधन, संपूर्ण स्पर्शी प्लास्टर, हे कुष्ठरुग्णांच्या सेवेतून आपल्याच भूमीत वाढले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. त्यांनी बधिर पायाचे शास्त्र रचले आणि पुढे हेच प्लास्टर अमेरिकेत नेले. त्याला लागते प्लास्टरची पट्टी, कापूस आणि शिकलेला हात. लखनौचे डॉ. क्षितिज शंखधर यांनी स्पंजाच्या गुंडाळीची 'समाधान' पद्धत मांडली, तिचा खर्च त्याहूनही किरकोळ. आणि आपल्या शेजारच्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. अब्बास यांच्यासह 'स्टेप बाय स्टेप' कार्यक्रम उभा केला, ज्यात डॉक्टर आणि परिचारिका यांची जोडी एकत्र प्रशिक्षण घेते. परिचारिकेला सोबत घेण्याची ती कल्पना मला सर्वांत व्यवहारी वाटते, कारण पाय रोज पाहते ती तीच. पेंडसे सरांच्या नागपुराहून भोपाळला रात्रीच्या गाडीने येता येते. पण आपण व्याख्यानांसाठी दिल्लीकडेच पाहतो, ही आपली जुनी खोड.

कुटुंबवैद्य मित्रांनी काय करावे? दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा, एक हातात मावणारा डॉप्लर, आणि रुग्णाचे मोजे काढण्याची तसदी. यंत्राच्या थोड्या दिवसांच्या भाड्यात हे सारे येते आणि वर्षानुवर्षे टिकते. नाडी लागत नसेल, तर गुणोत्तराच्या आकड्यावर विसंबू नका. अंगठ्याचा दाब मागा, आणि रुग्ण रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवा. आयुष्मान योजना २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आधार आहे, पण तो मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाला. चपला, तपासणीच्या फेऱ्या आणि घरी बदलायची ड्रेसिंग तो स्वतःच्याच पैशांनी करतो, आणि पाय वाचतो तो बहुतेक याच गोष्टींनी.

माझ्या दवाखान्यात आता यंत्राची मागणी आली की मी आधी एक कोरा कागद काढतो. डाव्या बाजूला रक्तपुरवठा, संसर्ग, दाब, साखर असे चार शब्द लिहितो आणि नातेवाइकांसमोर एकेकाची खूण करतो. चारही खुणा झाल्याशिवाय उजव्या बाजूला रुपये लिहीत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो आणि ते दुसरीकडे जातात. तेथे यंत्र त्याच दिवशी लागते.

रायसेनकडचे ते शेतकरी मात्र माझ्याकडेच येतात. दर तीन महिन्यांनी, सकाळच्या बसने, कृत्रिम पायावर, हातात काठी घेऊन. खुर्चीवर बसले की काही न सांगता ते उरलेल्या पायाचा बूट आणि मोजा स्वतःच काढतात आणि पाय माझ्या स्टुलावर ठेवतात. मी डॉप्लरची जेली लावतो. जमीन अजून पुरती सुटलेली नाही, एक एकर सुटली, असे मागच्या खेपेस त्यांनी सांगितले.